जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन: काय आधी, काय नंतर आणि लोक कुठे चुकतात

जांघेत हर्निया निघाला, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून, भोकातून आतडं किंवा चरबी बाहेर येऊन गाठ दिसायला लागली, की घरातला पहिला प्रश्न असतो, "दुर्बिणीतून करायचं की साधं?" आणि दुसरा, "खर्च किती येईल?" मग कोणीतरी पाहुणा एखाद्या हॉस्पिटलचं पॅकेज सांगतो, तारीख ठरते, आणि ज्या गोष्टी सगळ्यात आधी बघायला हव्या होत्या त्या ॲडमिट झाल्यावर बाहेर येतात. शुगर २८० आहे, जांघेत नायटा आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, खोकला दोन महिन्यांपासून आहे. मग ऑपरेशन पुढे ढकलतात नाहीतर रेटून करतात, आणि दोन्हीत हाल पेशंटचेच. मी जनरल प्रॅक्टिस करतो आणि हे सारखं बघतो, म्हणून क्रम लावून लिहितोय. तुमच्या गाठीचा शेवटचा निर्णय तुम्हाला हात लावून तपासणाऱ्या सर्जनचाच, पण त्यांच्यासमोर बसायच्या आधी आणि नंतर काय करायचं ते इथे आहे.

आधी हे वाचा: कधी एक तासही थांबायचं नाही

रोज आडवं पडल्यावर आत जाणारी गाठ आज जात नाहीये, टणक झालीये, हात लावला तरी कळ येते, सोबत उलट्या, पोट फुगलंय, गॅस पास होत नाही, संडास बंद, किंवा गाठीवरची कातडी लाल-काळपट दिसतेय, यातलं काही असेल तर आतडं अडकलेलं असू शकतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अशा वेळी घरी तेल लावून दाबून ढकलत बसू नका, पेनकिलर देऊन सकाळची वाट बघू नका, तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं मिळतील अशा हॉस्पिटलला थेट न्या. निघायच्या आधी फोन करून विचारा, कारण तालुक्याच्या ठिकाणी एकातून दुसऱ्यात पाठवण्यात जे तास जातात ते फार महागात पडतात.

बाकी सगळ्यांसाठी पुढचे टप्पे.

## टप्पा १: गाठ नक्की कसली आहे ते पक्कं करा

जांघेतली प्रत्येक गाठ हर्निया नसते. लसिकाग्रंथी सुजलेल्या असतात, पायातली शीर फुगलेली असते, अंडकोषात पाणी साठलेलं असतं, ज्याला आपण हायड्रोसील म्हणतो. म्हणून तपासणी उभं राहून झालीच पाहिजे. सर्जन उभं करून खोकायला लावतात, मग आडवं करून गाठ आत जाते का बघतात, आणि दोन्ही बाजू बघतात. नुसतं टेबलावर झोपवून तपासलं असेल तर स्वतःहून सांगा, "डॉक्टर, उभं राहिल्यावरच येते." लाजू नका, विशेषतः बायकांनी.

गाठ स्पष्ट दिसत असेल तर सोनोग्राफीची गरज बहुतेक वेळा नसते. दुखतं पण गाठ दिसत नाही, किंवा आधी ऑपरेशन झालंय आणि परत शंका आहे, तेव्हा ती कामाची. उलटंही होतं, जांघेत दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये "छोटा हर्निया" असं आलं आणि त्या एका ओळीवर ऑपरेशन ठरलं, खरं दुखणं मात्र खुब्याचं किंवा स्नायूचं होतं. हाताला गाठ लागत नसेल आणि फक्त कागदावर हर्निया असेल तर दुसरं मत घ्याच.

आता मुख्य गोष्ट. जांघेत दोन मोठे प्रकार. एक इन्ग्वायनल, हा पुरुषांमध्ये फार कॉमन, कधीकधी अंडकोषापर्यंत उतरतो. दुसरा फेमोरल, जो जांघेच्या घडीच्या थोडा खाली मांडीच्या वरच्या टोकाला येतो, गाठ छोटी असते, बायकांमध्ये जास्त प्रमाणात दिसतो आणि अडकण्याचा धोका याचा बराच जास्त. त्यामुळे बाईच्या जांघेतली गाठ "छोटीच आहे, बघू नंतर" म्हणून सोडणं ही मोठी चूक आहे. याला एक अपवाद, गरोदरपणात जांघेत आलेली मऊ गाठ कित्येकदा फुगलेल्या शिरांची असते, तिथे कलर डॉपलर सोनोग्राफी करून खात्री करतात आणि घाई नसेल तर बाळंतपणानंतरच पुढचं बघतात.

तपासा: सर्जनकडून बाहेर पडताना या पाच गोष्टी केसपेपरवर लिहिलेल्या हव्यात: डावा, उजवा की दोन्ही, इन्ग्वायनल की फेमोरल, पहिल्यांदा की परत आलेला, आत जातो की नाही, अंडकोषात उतरलाय का. यातलं एक जरी रिकामं असेल तरी ऑपरेशनचा प्रकार निवडायची चर्चा सुरू करण्यात अर्थ नाही. आधी ऑपरेशन झालं असेल तर जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा, मागच्या वेळी समोरून गेले होते की दुर्बिणीने मागच्या बाजूने यावर यावेळचा रस्ता ठरतो.

## टप्पा २: लगेच करायचं की थांबायचं

मोठ्या माणसाच्या जांघेतलं भोक गोळीने, काढ्याने, मालिशने किंवा आसनांनी बंद होत नाही. हे एकदा मनात पक्कं करा म्हणजे निम्मे पैसे आणि निम्मा वेळ वाचेल. पट्टा बांधून गाठ दाबून ठेवता येते, पण हर्निया बरा होत नाही, आणि गाठ बाहेर असताना वरून पट्टा आवळला तर उलट इजा होऊ शकते.

पण म्हणून प्रत्येकाला उद्याच ऑपरेशन लागतं असंही नाही. पुरुष आहे, इन्ग्वायनल आहे, गाठ सहज आत जाते, त्रास जवळपास नाही, अशांना लक्ष ठेवून थांबता येतं. अमेरिकेत अशा सुमारे ७२० पुरुषांवर अभ्यास झाला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. थांबलेल्यांत गाठ अचानक अडकायचं प्रमाण वर्षाला हजारात २ पेक्षाही कमी निघालं. मात्र थांबलेल्यांपैकी साधारण पावभाग लोकांनी दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतलंच, आणि दहा वर्षांत हा आकडा दोनतृतीयांशाच्या वर गेला, मुख्य कारण दुखणं वाढलं. म्हणजे थांबणं सुरक्षित आहे, पण बहुतेकांसाठी ते पुढे ढकलणंच आहे. ते ढकलणं उपयोगाचं ठरतं जर तो वेळ तुम्ही पुढच्या टप्प्यातल्या तयारीला वापरलात तर.

थांबू नये असे कोण? फेमोरल असलेले, बायका, गाठ आत न जाणारे, दुखणं वाढत चाललेले, आणि लहान मुलं. मुलांबद्दल एक गोंधळ कायम होतो. बेंबीचा हर्निया बाळ मोठं होताना बहुतेकदा आपोआप बंद होतो, जांघेतला होत नाही. आजी सांगते "वाढीत भरेल," ते बेंबीसाठी खरं आहे, जांघेसाठी नाही, आणि तान्ह्या बाळात तो अडकायची भीती जास्त म्हणून बालशल्यचिकित्सक लवकर करायला सांगतात.

तारीख ठरवताना कामाचा हंगाम बघा. शेतकरी असाल तर पेरणीच्या तोंडावर करू नका, कारण पंधरा दिवसांत पाठीवर फवारणीचा पंप घ्यायची वेळ येणार आणि तुम्ही तो घेणारच. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी टोळी निघायच्या दीड-दोन महिने आधी करून घ्यावं किंवा परत आल्यावर. हमाली, गवंडीकाम, ट्रकवर लोडिंग करणाऱ्यांनी मुकादमाला आधीच सांगून हलकं काम मिळतंय का ते विचारून ठेवा. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण तारीख चुकली की पुढचं सगळं पथ्य कागदावरच राहतं.

## टप्पा ३: अंगातली बाकीची दुखणी आधी मिटवा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते याच टप्प्यावर, आणि इथे सर्जनपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

खोकला आणि बिडी-सिगारेट. प्रत्येक खोकल्याला जांघेवर आतून दाब येतो, नवीन शिवणीवरही येणार. खोकला जुना असेल तर छातीचा एक्सरे, गरज असेल तर थुंकी तपासून घ्या, दम्याचा पंप अधूनमधून घेत असाल तर नियमित करा. बिडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. फक्त आदल्या दिवशी बंद करून जखम भरण्यात फार फरक पडत नाही.

संडासला कुंथणं. इसबगोल, भरपूर पाणी, जेवणात पालेभाजी-काकडी, तरी होत नसेल तर डॉक्टरांना विचारून पातळ करणारं औषध. ऑपरेशननंतर सुरू करू असं नको, आधीच सवय लावा. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच संडासची सवय बदलली असेल, रक्त पडत असेल, तर त्याची वेगळी तपासणी हर्नियाच्या आधी.

लघवी. पन्नाशी-साठीच्या पुरुषांनी हे लपवू नका. धार बारीक झालीये, जोर लावावा लागतो, रात्री चार वेळा उठावं लागतं, तर प्रोस्टेट वाढलेलं असू शकतं. सांगितलं नाही तर ऑपरेशनच्या रात्री लघवी तुंबते, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालावी लागते, आणि घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. आधी सांगितलं तर गोळी सुरू करून मग तारीख घेतात, भुलीचा प्रकारही त्याप्रमाणे निवडतात.

जांघेतला नायटा, फोड, खाज. हे फारच कमी लोक सांगतात. आपल्याकडच्या घामात जांघेत गजकर्ण-नायटा सर्रास असतो, आणि मेडिकलमधून आणलेलं मिक्स मलम, ज्यात स्टेरॉइड असतं, ते लावून तो दबतो, जात नाही. चीर तिथेच येणार आणि आत बऱ्याचदा जाळी (कमजोर भिंतीला आधार द्यायला बसवतात ती) बसणार, म्हणून कातडी स्वच्छ पाहिजे. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून पूर्ण कोर्स करा, यात काही आठवडे जातात.

डायबेटिस आणि चालू गोळ्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, तोंडी नावं सांगू नका, "ती पांढरी छोटी" यावरून कुणालाच काही कळत नाही. तीन गोष्टींची आठवण स्वतःहून करून द्या. एक, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन किंवा तसल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. या मनाने बंदही करायच्या नाहीत आणि चालूही ठेवायच्या नाहीत, हार्टच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी मिळून तारीख द्यायची, स्टेंट नवीन असेल तर विशेष. दोन, शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असलेली गोळी, ही साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर उपाशीपणात शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. आजकाल ही कॉम्बिनेशनमध्ये येते आणि पेशंटला माहीतही नसतं, म्हणून पाकीट दाखवा. तीन, आयुर्वेदिक चूर्ण, काढे, जिमची पावडर, सगळं.

थांबा: यातलं एक जरी मिटवायचं राहिलेलं असेल आणि गाठ तातडीची नसेल, तर तारीख पुढे घ्या. महिनाभर उशीर झाला तर काही बिघडत नाही, जंतुसंसर्ग झालेली जाळी मात्र परत काढायची वेळ आणू शकते.

## टप्पा ४: ऑपरेशनचे प्रकार, आणि कुणाला कुठला

सगळ्या प्रकारांत काम एकच, बाहेर आलेलं आत ढकलायचं आणि कमजोर भिंत भक्कम करायची. फरक कुठल्या बाजूने जायचं आणि भिंत कशाने भक्कम करायची याचा. आणि "साधं म्हणजे पोट फाडून" हा गैरसमज काढून टाका, साध्या ऑपरेशनमध्ये पोट उघडतच नाहीत, जांघेच्या वर बोटभर लांबीची चीर असते.

समोरून, जाळी लावून. याला लिश्टेनस्टाईन म्हणतात. जांघेवर चीर देऊन हर्निया आत घालतात आणि भिंतीवर जाळी शिवतात, ओढाताण न करता. जाळी पॉलीप्रोपिलीनची असते, म्हणजे सर्जन वर्षानुवर्षं टाक्यांना वापरतात त्याच पदार्थाची. मोठा फायदा म्हणजे हे फक्त जागा बधिर करूनही होतं, त्यामुळे हार्ट-फुप्फुसाचा त्रास असलेल्या, वयस्कर माणसाला हा रस्ता चांगला. सामान कमी लागतं, उपजिल्हा रुग्णालयातही होतं. खूप जुना, अंडकोषात उतरलेला मोठा हर्निया, किंवा आधी प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालंय, तिथेही बहुतेक सर्जन हेच निवडतात. तोटा, पहिले काही दिवस दुखणं थोडं जास्त, आणि जांघेतून जाणाऱ्या तीन नसा समोरच असतात, त्या ओळखून सांभाळाव्या लागतात.

दुर्बिणीतून. तीन छोटी छिद्रं, भिंतीच्या आतल्या बाजूने मोठी जाळी, साधारण १० बाय १५ सेंटीमीटरची. यात दोन पद्धती, टीईपी मध्ये पोटाच्या पोकळीत न जाता भिंतीच्या थरांमधूनच जातात, टीएपीपी मध्ये पोटात जाऊन आतलं अस्तर उघडून जाळी ठेवतात आणि अस्तर परत शिवतात. पेशंटसाठी निकाल जवळपास सारखा, जी सर्जनच्या हातात बसलेली आहे ती चांगली. याला सहसा पूर्ण भूल लागते. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच छिद्रांतून दोन्ही होतात, बायकांमध्ये ही पद्धत पसंत करतात कारण फेमोरलची जागाही त्याच जाळीखाली येते, आणि समोरून केलेला हर्निया परत आला असेल तर मागच्या बाजूने जाणं सोपं कारण तिथे जुना व्रण नसतो. याच कारणाने, दुर्बिणीतून केलेला परत आला तर समोरून जातात. कामावर परतणं थोडं लवकर होतं. पण शिकायला अवघड, ५० ते १०० ऑपरेशनं केल्यावर हात बसतो असं मानतात.

जाळी न लावता. यात जगभर नावाजलेली पद्धत शोल्डाइस, कॅनडात टोरोंटोजवळच्या एका हॉस्पिटलात दिवसभर तीच करतात आणि त्यांचे निकाल उत्तम आहेत, पण ते तिथल्या सरावलेल्या हातांचे निकाल आहेत. आपल्याकडची म्हणजे पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची पद्धत, जी त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली, ज्यात पेशंटच्याच पोटाच्या स्नायूच्या पडद्याची एक पट्टी, मुळापासून न तोडता, मागच्या भिंतीवर शिवतात. जाळीचा खर्च नाही, परकी वस्तू नाही. जाळी नको असेल तर हा पर्याय विचारण्यासारखा आहे, मात्र ती नियमित करणारा सर्जनच हवा, आणि पडदा पातळ झालेला असेल तर ही होत नाही. आतडं सडलेलं असेल, पू असेल अशा इमर्जन्सीतही जाळी टाळून नुसती शिवण घालतात.

लहान मुलं. हर्नियाची पिशवी, म्हणजे बाहेर आलेलं पोटाच्या आतलं अस्तर, बांधून कापतात, बस. जाळी नाही. कुणी मुलाला जाळी सुचवली तर उठून दुसरीकडे जा.

रोबोटने. हे दुर्बिणीचंच ऑपरेशन, यंत्राचे हात वापरून. साध्या, पहिल्यांदाच झालेल्या, एका बाजूच्या हर्नियासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असा फरक मला दिसत नाही.

आता दोन गोष्टी ज्यावर लोक फसतात. पहिली, "लेझरने हर्निया, नो कट नो टाके" अशा जाहिराती. लेझरने भिंतीतलं भोक बुजत नाही, जाळी किंवा शिवण लागतेच, जाहिरातीतून गेलं तरी शेवटी आत दुर्बिणीचंच ऑपरेशन होतं आणि बिलात लेझर दिसतं. स्पष्ट विचारा, "लेझर नक्की कुठे वापरणार?" दुसरी, जाळीची भीती. परदेशात बायकांच्या योनीमार्गातून बसवलेल्या जाळीवर मोठे खटले झाले, त्या बातम्या फिरतात आणि लोक हर्नियाच्या जाळीला लावतात. ते वेगळं ऑपरेशन. जांघेच्या जाळीचेही त्रास असतात, जंतुसंसर्ग, सतत दुखणं, पण साध्या जुन्या ताणून घातलेल्या शिवणीपेक्षा हर्निया परत यायचं प्रमाण जाळीने स्पष्ट कमी झालंय. जाळीतही, भोकात बूच बसवल्यासारखा प्लग घालायची पद्धत आता टाळायला सांगतात, सपाट जाळी बरी.

तपासा: आता मागे जाऊन टप्पा १ च्या पाच गोष्टी आणि टप्पा ३ ची तुमची दुखणी समोर ठेवा. बहुतेक लोकांसाठी इथे एक किंवा दोनच पर्याय उरतात, आणि मग "कुठलं बेस्ट" हा वाद आपोआप मिटतो.

## टप्पा ५: भूल

तीन प्रकार. जागा बधिर करणं, पाठीत इंजेक्शन, आणि पूर्ण भूल. समोरून करायचं असेल तर आपल्याकडे सर्रास पाठीत देतात, ते चालतं, फक्त लघवी तुंबायचं प्रमाण त्यात जास्त, म्हणून प्रोस्टेटवाल्यांनी जागा बधिर करून होईल का हे जरूर विचारावं. भूलतज्ज्ञांची भेट आदल्या रात्री नको, काही दिवस आधी व्हावी. आधीच्या भुलीत काही झालं होतं का, रात्री मोठ्याने घोरून श्वास अडकतो का, दात हलतात का, ॲलर्जी, हे सगळं त्यांना सांगायचं.

## टप्पा ६: सर्जनला काय विचारायचं

विचारल्याने डॉक्टर रागावतील असं वाटतं, पण नीट शब्दांत विचारलं तर चांगला सर्जन उत्तरं देतो. असं विचारा:

"डॉक्टर, माझ्यासारख्या केसमध्ये तुम्ही स्वतः जास्त वेळा कुठली पद्धत करता?" हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. रोज समोरून करणाऱ्या सर्जनकडे आग्रह धरून दुर्बिणीतून करून घेणं हा उलटा सौदा आहे.

"माझं ऑपरेशन तुम्हीच करणार ना?"

"दुर्बिणीतून जमलं नाही तर काय कराल?" उत्तर "उघडून पूर्ण करू" असं यायला हवं, आणि ते अपयश नसतं.

"कायमचं दुखणं राहायची शक्यता किती?" जांघेच्या ऑपरेशननंतर साधारण दहापैकी एकाला तीन महिन्यांनंतरही काही ना काही दुखणं राहतं, रोजच्या कामात अडथळा येईल इतकं त्यातल्या थोड्यांनाच. आधीपासून खूप दुखत असेल, वय कमी असेल, तर शक्यता वाढते. "काहीच होत नाही हो" असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा.

"अंडकोषाला धोका आहे का?" रक्तपुरवठ्याला इजा होऊन तो आक्रसणं क्वचित होतं, परत परत ऑपरेशन झालेल्यांत जास्त. मूल व्हायचं असलेल्यांनी हे संमतीपत्रावर सही करायच्या आधी बोलून घ्यावं.

## टप्पा ७: पैसे आणि कागद

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत हर्नियाचा वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून किती काळ त्याचा क्लेम मिळत नाही, ते बघा, बऱ्याच पॉलिसीत तो दोन वर्षांचा असतो. ठरवून केलेल्या ऑपरेशनची कॅशलेस मंजुरी ॲडमिट व्हायच्या आधी घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड, गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा, यातून करायचं असेल तर आधी संबंधित हॉस्पिटलच्या योजनेच्या काउंटरवर जा, महाराष्ट्रात तिथे आरोग्यमित्र बसतात, आणि तुमच्या नेमक्या ऑपरेशनचं पॅकेज त्या हॉस्पिटलात चालतं का विचारा. हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे प्रत्येक ऑपरेशन योजनेत आहे असं नसतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का हेही त्याच वेळी बघा.

पैसे भरून करत असाल तर पॅकेजमध्ये जाळी, भूलतज्ज्ञांची फी, आणि दुर्बिणीत जाळी अडकवायचे टॅकर धरलेत का ते लिहून घ्या. टॅकर महाग असतात आणि छोट्या-मध्यम हर्नियात बऱ्याचदा लागतही नाहीत.

## टप्पा ८: आदला दिवस आणि ती सकाळ

१. जांघेतले केस घरी ब्लेडने काढू नका. ब्लेडने बारीक चिरा पडतात आणि जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलात मशीनने काढतात.

२. आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने अंघोळ. पावडर, तेल, मलम काही नाही. करदोटा, अंगठ्या, नखांचं पॉलिश काढून ठेवा. करदोटा देवाचा आहे म्हणून शेवटच्या क्षणी वाद नको, घरीच काढून देव्हाऱ्यात ठेवा.

३. सहा तास आधी जेवण बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध, चहा हे पाणी नाही. "नुसता अर्धा कप चहा घेतला" यामुळे ऑपरेशनं रद्द होतात. तुमच्या हॉस्पिटलने वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा.

४. बीपीची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते, पण टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या काही भूलतज्ज्ञ त्या सकाळी थांबवतात, आणि शुगरच्या गोळ्या-इन्सुलिनचंही वेगळं असतं. सगळं एका कागदावर लिहून आणा.

५. सर्दी-खोकला, ताप, जुलाब नव्याने आलेत तर घरूनच फोन करा.

थांबा: ऑपरेशन थिएटरमध्ये जायच्या आधी तुम्ही जागे असताना बरोबर बाजूला पेनाने खूण झाली पाहिजे. झोपल्यावर गाठ गायब होते, त्यामुळे भुलीनंतर बाजू नुसती बघून कळत नाही. खूण केली नसेल तर मागा.

## टप्पा ९: ऑपरेशननंतरचे पहिले दिवस

साध्या केसमध्ये त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. घरी जायच्या आधी लघवी स्वतःहून झाली पाहिजे, हे नक्की बघा.

त्याच संध्याकाळी धरून उठायचं आणि चालायचं. पंधरा दिवस कॉटवर झोपून राहणं ही जुनी सवय आहे आणि त्याने नुकसानच होतं, पायात रक्ताच्या गाठी, बद्धकोष्ठ, छातीत कफ. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून बसा. खोकला-शिंक आली तर जखमेवर तळहात दाबून धरा.

पेनकिलर पहिले दोन-तीन दिवस लिहून दिलेल्या वेळेला घ्या, दुखायची वाट बघू नका. किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर कुठली गोळी हे आधी विचारा.

अंडकोष सुजणं आणि निळं-काळं पडणं पुरुषांमध्ये नेहमीचं आहे, बघून घाबरायला होतं पण काही आठवड्यांत उतरतं. आधार देणारी चड्डी घाला, दिवसातून काही वेळा कापडात गुंडाळून बर्फ लावा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर, विशेषतः मोठा हर्निया असेल तर, जुन्याच जागी पाण्याची गाठ येते आणि सगळे म्हणतात हर्निया परत आला. ही बहुतेकदा स्वतःहून जिरते. सर्जनला दाखवा, पण कुणाला घाईने सुईने पाणी काढू देऊ नका, त्यातून जंतू आत जाऊ शकतात.

जेवण नेहमीचं, जरा हलकं. भात खाल्ल्याने पू होतो, केळ्याने टाके पिकतात हे खरं नाही. कुंथायला लागू नये एवढंच बघा. पट्टी आणि अंघोळीचं सर्जन सांगतील तसं, साधारण दोन दिवसांनी बऱ्याच जणांना अंगावरून पाणी घ्यायला परवानगी मिळते, टबात किंवा विहिरीत डुंबायचं मात्र जखम भरेपर्यंत नाही. हळद, राख, जडीबुटी जखमेवर काही नको.

लगेच परत जा जर: ताप आला, जखम लाल होऊन पाणी किंवा पू येतोय, सूज भराभर वाढून टणक होतेय, लघवी सहा-आठ तास झाली नाही, उलट्या होऊन पोट फुगलं, एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, श्वास लागतोय, किंवा अंडकोषात असह्य कळ आहे.

## टप्पा १०: कामावर परत

चालणं, जिने, घरातली हलकी कामं पहिल्या आठवड्यातच. ऑफिसचं काम बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत जमतं. गाडी चालवायची परीक्षा सोपी, बंद गाडीत बसून जोरात ब्रेक दाबून बघा, जांघेत कळ न येता दाबता आला तर चालवा. टू-व्हीलरला किक मारणं आणि सेंटर स्टँडला लावणं अजून थोडे दिवस टाळा.

जड उचलण्याबद्दल सर्जन वेगवेगळं सांगतात, काही दोन-तीन आठवडे म्हणतात, काही सहा. माझं मत, ऑफिसवाल्याने आपल्या सर्जनचं ऐकून हळूहळू वाढवावं, पण पोती, भरलेला फवारणी पंप, सिमेंटच्या गोण्या, गॅस सिलिंडर, जिमचं वजन हे सहा आठवड्यांनंतरच. पट्टा बांधून आधीच सुरू करू, असं चालत नाही. शरीरसंबंध दुखणं थांबलं की, साधारण दोन आठवड्यांनी, हरकत नसते.

जागा थोडी बधिर लागणं, आत कडक पट्टी जाणवणं, बसता-उठता ओढल्यासारखं होणं हे काही महिने राहू शकतं. मात्र तीन महिन्यांनंतरही भाजल्यासारखं, करंट मारल्यासारखं दुखत असेल, मांडीच्या आत किंवा अंडकोषात उतरत असेल, तर सहन करत बसू नका आणि मेडिकलमधून गोळ्याही घेऊ नका. ते नसेचं दुखणं असू शकतं, त्याला वेगळी औषधं, नसेभोवती इंजेक्शन असे उपाय आहेत, आणि आधी त्याच सर्जनला, मग गरज पडली तर वेदनातज्ज्ञाला दाखवायचं. त्यावेळी ते तुम्हाला दोन कागद मागतील, ऑपरेशनच्या नोट्स आणि जाळीच्या डब्यावरचं स्टिकर. दोन्ही डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा, काही वर्षांनी हॉस्पिटलात शोधायला गेलात तर मिळेलच याची खात्री नसते.